अर्ध्या स्लॅबची शाब्बास

तीर्थरूप आबा,

फौजेतून तुमचं पत्र यायचं तेव्हा पहिली ओळ ठरलेली: ‘मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी.’ आई सांगते, पायाला पट्टा बांधून दवाखान्यात पडला होतात तेव्हासुद्धा तीच ओळ! मी आज ती लिहिणार नाही. इकडं काही खुशाल नाही. आणि तुमच्याशी एकदा खोटं बोलून बसलेय, दुसऱ्यांदा बोलायची हिंमत नाही.

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. दुपारचे तीन वाजलेत. मी अभ्यासिकेच्या साइटवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसून लिहितेय. समोर मांडववाले बांबू उतरवतायत. उद्या सकाळी आठला आपल्या स्लॅबखालची टेकू-प्लेटांची सेंट्रिंग खोलायची आहे. तुम्ही ज्यांना भरतीसाठी पहाटे पळवायचात ती सगळी पोरं-पोरी लाइनीत उभी राहणार आहेत, गाव येणार आहे. दारावरची पाटीसुद्धा केजहून रंगवून आली. ‘फौजी मास्तर अभ्यासिका.’ खाली तुमचं खरं नाव, बारीक अक्षरात. पेंटरला सांगायच्या वेळी ते निम्म्या गावाला आठवतच नव्हतं!

आणि आबा, ऐका. हा माझा पहिला स्लॅब. तुमच्याशिवायचा पहिला. तो नीट झालेला नाही. हे दोघांनाच माहीत आहे, मला आणि तुमच्या कामावरच्या जुन्या गफूरचाचांना. उद्या आठच्या आत मला ठरवायचंय, बोलायचं की गप बसायचं. तुम्ही असता तर विचारलं असतं. नाहीत, म्हणून लिहितेय.

शाळा सांभाळून तुम्ही इतकी वर्षं स्लॅब टाकलेत, त्यातला तुमचा नियम तालुक्याला पाठ आहे. सेंट्रिंगचे शेवटचे टेकू पाडताना बांधणारा माणूस स्लॅबखाली उभा राहणार. एकटा. बाकी सगळे बाहेर. फौजेत पूल बांधायचात तिथून ही खोड घेऊन आलात. पुलावरून पहिली गाडी जाताना ज्यांनी पूल बांधला ते खाली उभे, असं सांगायचात. खरं होतं का हो ते? का आम्हाला गप करायला रचलेलं?

मी दुसरीत होते. नांदूरघाटला एका किराणा दुकानदाराच्या घराचा स्लॅब होता. तुम्ही चहाचा गिलास काठोकाठ भरून घेतलात आणि आत जाऊन मधोमध उभे राहिलात. गडी घण घालून टेकू पाडायला लागले. वरून माती झडत होती. मी असं बोंबलले, की दुकानदाराची बायको गूळ घेऊन धावत आली! तुम्ही बाहेर आलात, रिकामा गिलास माझ्या हातात दिलात.

‘रडायलीस कावून? स्लॅब हलला तर आधी चहा हलतो. चहा हलला का?’

‘नाही.’

‘मग?’

‘पण हलला असता तर?’

‘तर चहा सांडला असता,’ म्हणालात, आणि निघालात सायकलकडं. असं कोणी बोलतं का सात वर्षांच्या पोरीशी?

शाळेतही तुमचं तसंच. इतर मास्तरांच्या तासाला आम्ही वर्गात बसायचो, तुमच्या तासाला दोरी घेऊन मैदानात. तीन, चार, पाच हात दोरी धरून काटकोन कसा निघतो ते तुम्ही आम्हाला उभं करून दाखवलंत. आणि तो तुमचा कायदा! वही बघायच्या आधी जो स्वतःहून म्हणेल ‘मास्तर, माझं चुकलं’, त्याला काही नाही. ज्याची चूक तुम्हाला सापडेल त्याला मैदानाला पाच फेऱ्या. मी तुमची पोरगी, म्हणून मला दहा. अख्ख्या शाळेत सगळ्यात जास्त फेऱ्या मी मारल्या असतील, कारण मी एकदाही स्वतःहून सांगितलं नाही. हा ताठा कोणाकडून आला ते मी सांगायला नको.

शाब्बास मात्र कधी दिली नाहीत. गावातल्या कोणाच्याही पोराला द्यायचात, पाठीवर थाप मारून, लांबपर्यंत आवाज जाईल अशी. मला नाही. डिप्लोमाला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा निकालाचा कागद वाचलात, घडी घालून परत दिलात. ‘बरं झालं. आता ओळंबा धरायला शिक.’ मी स्वयंपाकघरात जाऊन आईवर चिडले. तिनं काय केलं होतं बिचारीनं!

आजी गेली तेव्हा मी नववीत होते. तुम्ही सिरसाळ्याला होतात, स्लॅब चालू होता. निरोप सकाळी दहाला पोचला, आणि तुम्ही आलात चारला. सगळा स्लॅब भरून. आजीला अंगणात ठेवून माणसं तुमची वाट बघत बसली होती. कपड्यावर सिमेंट तसंच. आत्या दारातच तुमच्यावर तुटून पडली आणि तुम्ही एवढंच म्हणालात, ‘ओल्या मालाला सुतक नसतं, आक्के.’

‘मग मालालाच आई म्हण!’

त्यानंतर आत्या आपल्या घरात पाणी प्यायली नाही. माझ्या लग्नात आली, मला पोटाशी धरलं, तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आज खरं सांगते, मी मनातून आत्याच्या बाजूची होते. माझा बाप दगड आहे असं वाटायचं मला. त्या दिवशीच ठरवलं होतं, तुमच्यावर वेळ आली की हातातलं काम जिथल्या तिथं टाकून पळत येईन. बघा, माझा बाप नाही आला, पण मी आले!

आले ना, आबा. तसंच केलं मी.

तुम्हाला केजला दवाखान्यात ठेवून दोन दिवस झाले होते. मी म्हटलं, स्लॅब पुढं ढकलू. तुम्ही केवढ्यानं खेकसलात! ‘तारीख ठरली म्हंजे ठरली. मी काय पळून चाललोय का?’ म्हणून सकाळी सातला मिक्सर चालू केला. अकरापर्यंत स्लॅब निम्म्याच्या जवळ आला. मग आईचा फोन. एकच शब्द. ‘ये.’ मी शिडीवरून कशी उतरले आठवत नाही. मिक्सरवाल्याची मोटरसायकल, मागं मी, पायात गमबूट तसेच.

जाताना चाचांना ‘काम थांबवू नका’ एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. तोंडातून निघाले नाहीत.

तुम्ही जागे होतात. माझ्या हाताकडं बघितलंत, त्यावर माल वाळला होता. तुम्ही विचारलंत, ‘नंदे, स्लॅब झाला का?’

आणि मी म्हटलं, ‘झाला, आबा. पूर्ण झाला.’

काय करू? तुम्हाला सांगू, की अर्धा टाकून आले? तुमच्या शेवटच्या घटकेला सांगू? तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, ‘शाब्बास.’ हात वर यायला बघत होता, पाठीपर्यंत आला नाही. मी वाकून पाठ खाली आणली. त्यानंतर तुम्ही काही बोललाच नाहीत.

आयुष्यात एकदा दिलीत, तीसुद्धा खोट्यावर! बावीस दिवस झाले, तो शब्द आठवला की घास उतरत नाही. आईला वाटतं, मी तुमच्या दुःखानं खात नाही.

खबर साइटवर फोननं पोचली. चाचांनी घमेलं खाली ठेवलं. ते बघून एकेकानं ठेवलं. मिक्सर बंद झाला आणि सगळी माणसं तशीच आपल्या घराकडं चालत आली, पंचवीस माणसं, बाया धरून. त्यांना वाटलं, मास्तर गेला आणि आपण माल ओढत बसायचं? माणुसकी आहे का नाही! ज्यांना तुम्ही तीस वर्षं शिकवलं, की भरायला घेतलेला स्लॅब मध्ये सोडायचा नाही, त्यांनी तो तुमच्यासाठीच सोडला. तुम्हाला कळलं असतं तर तिरडीवरून उठून शिव्या घातल्या असत्यात.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. चौथ्या दिवशी आम्ही राहिलेला निम्मा भरला. चाचांनी जुन्या मालाची कड छिन्नीनं खरवडली, सिमेंटचं पाणी सोडलं, जे करता येतं ते सगळं केलं. पण तुम्हीच सांगायचात ना, ओला माल ओल्या मालाला मिळतो. वाळल्यावर शेजारी बसतो, एक होत नाही. त्यातून ती कड तुळईवर आलेली नाही, दोन तुळयांच्या मध्येच आलीय, जिथं येऊ नये तिथंच.

स्लॅब पक्का व्हावा म्हणून वर मातीची आळी करून पाणी भरलं तेव्हा मी खाली गेले होते. प्लेटांच्या फटीतून थेंब पडत होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एका ओळीत. बाकी सगळं कोरडं. मी बादली आणून खाली ठेवली आणि बादलीकडं बघत उभी राहिले. मग चाचा आले. त्यांनी बघितलं. बादलीतलं पाणी बाहेर ओतलं आणि ती परत तिथंच ठेवली.

सरपंच तुमचाच विद्यार्थी, त्याचं तर सगळं ठरलंय. काल म्हणाला, ‘ताई, शेवटचा टेकू पाडताना तू खाली उभी राहा. मास्तरवानी, हातात चहा घेऊन. लई भारी फोटू निघल.’ आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं! मास्तरची पोरगी स्लॅबखाली उभी! बाईला कशाला स्लॅब जमतोय म्हणणाऱ्यांची तोंडं बंद! रात्रभर मी स्वतःला समजावलं, की सळई सलग आहे, लगेच काही पडत नाही, उभं राहायचं आणि मोकळं व्हायचं.

इथपर्यंत लिहिलं आणि गफूरचाचा आले. शेजारी गोणीवर बसले.

‘काय लिवायलीस बेटा?’

‘आबांना पत्र.’

‘माजं नाव लिवलं का?’

‘लिहिलं. तुम्ही घमेलं खाली ठेवलंत, ते लिहिलं.’

मला असं फटकन बोलायला नको होतं. चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, ‘सिरसाळ्याला मी व्हतो मास्तरसंगं. तुज्या आजीची खबर आली तवा. मास्तर म्हनला, थांबायचं न्हाई. आमी माल देत गेलो. तो थापी मारत व्हता अन् रडत व्हता बेटा. दर घडीला डोक्यावर पान्याचा मग वतून घ्यायचा. ऊन लई हाय म्हनायचा. आभाळ आलतं त्या दिवशी, ऊन कुठलं!’

आबा, हे तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत? आत्याला का नाही सांगितलंत? ती बिचारी तुम्हाला दगड समजून बसली, मीही बसले, आणि तुम्ही बसू दिलंत! फार राग आला तुमचा. आणि तुमच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. आता कुठं ठेवू?

‘तवापासून मला खटकायचं,’ चाचा म्हणाले, ‘आपन त्याला हाताला धरून आईकडं धाडायला पायजे व्हतं. म्हनून मास्तर गेल्याचं कळलं तवा मी म्हनलं, बस. आज तरी थांबायचं. माजंच चुकलं बेटा.’

‘तुमचं नाही चाचा. साइट माझी होती. सांगायला मी पाहिजे होते.’

मग मी उठले. ‘चला, जुन्या-नव्या मालाच्या जॉइंटखालची एक प्लेट काढून बघू.’ टेकू सगळे तसेच ठेवले, फक्त एक प्लेट सोडवली. मोबाइलची बॅटरी लावली. खडी उघडी पडलीय, आबा. मी बोट घातलं, पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. चाचांनी हातोडी लावली तर तिथला आवाज बद्द येतो, दोन हात पुढं टणक येतो.

‘भोकं भरून वरून गिलावा केला तर सात पिढ्या कळनार न्हाई,’ चाचा म्हणाले. पण ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

‘पडेल का?’

‘लगेच न्हाई पडनार.’

‘वर पाण्याची टाकी बसणार आहे. पोरं वर्षानुवर्षं खाली बसणार. पाणी मुरून सळई गंजली तर? द्याल खात्री?’

चाचांनी प्लेट खाली ठेवली. ‘न्हाई देता येत.’

तेव्हा मला तुमचं दुसरं वाक्य आठवलं. मी एकदा विचारलं होतं, दरवेळी जीव कशाला धोक्यात घालता? तुम्ही म्हणालात, ‘मी दोन मिंटं हुबा राहतो. ते लोक जलमभर झोपनार हायत.’ मी इतके दिवस उद्याच्या दोन मिनिटांचाच विचार करत होते. स्वतःच्या धाडसाचा, फोटोचा! तिथं बसून गणितं सोडवणाऱ्या पोरींचा विचार बावीस दिवसांत केला नाही. लाज वाटली मला.

मी तिथूनच सरपंचाला फोन लावला. ‘दादा, उद्या सेंट्रिंग खोलायची नाही. नंतर भरलेला निम्मा स्लॅब फोडायचा आहे.’

‘येडी झालीस का बे?’ मी बाई आहे हेसुद्धा विसरला तो. ‘मास्तरच्या पोरीचा पैलाच स्लॅब, अन् फोडायचा? लोक तोंडात शेन घालतील!’

‘घालू दे.’

‘मांडव आलाय, नारळ आलेत, आमदाराला सांगून बसलोय मी!’

‘मांडव राहू द्या. मांडवातच सांगते.’

पलीकडून तो कोणाला तरी ‘थांब रे’ म्हणाला. मग हळूच म्हणाला, ‘मास्तरनं काय केलं असतं गं?’

‘तुमची चूक सापडली की काय करायचे?’

‘फेऱ्या.’ आणि हसला. ‘सापडायच्या आधी सांगितलं तर माफ, न्हाई का? बरं. सांग मग. मी बाजूला हुबा राहतो.’

चाचा म्हणाले, ‘पैली छिन्नी मी मारनार.’ मी म्हटलं, मारा. ते आता समोर बसून छिन्नीला धार लावतायत. मांडववाले काही न कळून खांब रोवतायत. एक खांब चक्क वाकडा आहे. तुम्ही असता तर ओळंबा घेऊन धावला असतात, माझ्या लग्नात धावला होतात तसे, नवरदेवाला उन्हात ताटकळत ठेवून!

तर आबा, शब्द देते. उद्या आठला माईकवर मी तुमची स्तुती करणार नाही. ‘माझं चुकलं’ म्हणणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःहून. मग तुळईपर्यंत फोडू, सळया जपून, आणि तिथून नव्यानं भरू. भरताना कोणाचा फोन आला तर मी पळत जाईनच, सांगून ठेवते. डोक्यावर पाणी ओतत थापी मारायला मला जमणार नाही. पण जाताना ‘काम थांबवू नका’ एवढं अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून जाईन. आणि पुढच्या आठवड्यात आत्याकडं जाऊन आभाळ आलेल्या त्या दिवसाचं सांगेन. तुम्ही नाही सांगितलंत, मी सांगेन.

ती शाब्बास परत घ्या. ती माझी नव्हती. नवा माल पक्का झाला की मी एकटी खाली उभी राहीन, चहाचा गिलास काठोकाठ भरून. चहा नाही हलला तर मोठ्यानं सांगेन. तेव्हा वाटलं तर द्या.

तोवर तुम्ही विचारलं होतंत त्याचं खरं उत्तर: नाही, आबा. स्लॅब अजून झाला नाही.

या वेळी स्वतःहून सांगणारी,
तुमची नंदा